मैदानातून माइकपाशी गेलेल्या फुटबॉलपटूला निरोप देताना

इंग्लंडचे फुटबॉलपटू आणि पुढे टीव्हीवरचे फुटबॉल-विश्लेषक झालेले जिमी हिल १९ डिसेंबर २०१५ रोजी वयाच्या ८७व्या वर्षी गेले, तेव्हा इंग्लंडमधल्या तरुण प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आली ती टीव्हीवरची लांब हनुवटी. त्याच्या आजोबांना आठवला ब्रेंटफर्ड आणि फुलहॅमकडून खेळणारा दाढीवाला फॉरवर्ड, ज्याने १९५८ साली डाँकास्टरच्या मैदानावर एकाच सामन्यात पाच गोल मारले होते. कॉव्हेंट्रीवाल्यांना त्यांचा क्लब तिसऱ्या विभागातून पहिल्या विभागात नेणारा व्यवस्थापक आठवला. माणूस एकच, पण त्याची आयुष्यं वेगवेगळी आणि ती आठवणारी माणसंही वेगवेगळी.

खेळून झाल्यावर समालोचनात गेलेल्या कुठल्याही फुटबॉलपटूची आदरांजली इथेच अवघड होते. कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना खेळाडू असो, गोव्यात रेडिओवर मराठी-कोंकणी समालोचन केलेला असो की कुपरेज मैदानावर खेळून पुढे दूरदर्शनला गेलेला मुंबईकर, त्याचा खेळ पाहिलेली पिढी बहुधा त्याच्याआधीच गेलेली असते. त्याचा खेळ आता कात्रणांत आणि आकड्यांत उरलेला असतो. आवाज मात्र अजून कुणाच्या तरी कपाटातल्या कॅसेटवर असतो आणि ती कॅसेट दर पावसाळ्यात थोडी थोडी मरत असते. म्हणून या मार्गदर्शकात स्मृतिसभेच्या आधी आवाजाचं काम घेतलं आहे. सभा पंधरा दिवसांनी झाली तरी बिघडत नाही.

पहिले दोन दिवस

बातमी कळल्यावर आधी घरच्यांशी बोला, मग क्लबच्या पानावर टाका. क्लब किंवा मंडळातर्फे एकच माणूस कुटुंबाशी बोलेल असं लगेच ठरवा. पाच जणांनी पाच वेळा फोन करून वय, आजार आणि अंत्यविधीची वेळ विचारली की घरच्यांचे हाल होतात, आणि तरीही बाहेर तीन वेगवेगळ्या वेळा फिरतातच.

काही गोष्टींना तासांची मर्यादा असते. नेत्रदानाची इच्छा असेल तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक पोहोचावं लागतं. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि वरचा पंखा बंद करावा, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. फुटबॉलपटूंच्या बाबतीत मेंदूदानाचाही विचार आता होतो. अमेरिकन फुटबॉल खेळून पुढे १९७१ पासून दोन दशकांहून अधिक काळ ‘मंडे नाइट फुटबॉल’च्या प्रक्षेपणात राहिलेले फ्रँक गिफर्ड ऑगस्ट २०१५ मध्ये गेले. त्यांच्या मेंदूची तपासणी झाली आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा विकार त्यांना होता, हे कुटुंबाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतःहून जाहीर केलं. त्यांच्या नावे झालेल्या अनेक भाषणांपेक्षा हे मोठं काम आहे. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूच्या ऊतींचा संग्रह आहे. मात्र हा निर्णय आयत्या वेळी होत नाही. ज्येष्ठ खेळाडू हयात असतानाच त्यांच्याशी आणि घरच्यांशी बोलणं झालेलं असावं लागतं. ते झालं नसेल, तर क्लबच्या माणसाने त्या दिवशी विषयच काढू नये.

पार्थिवावर झेंडा घालण्यात चूक हमखास होते. देशाकडून खेळलेला असला तरी खेळाडूच्या पार्थिवावर आपण होऊन तिरंगा घालता येत नाही. राष्ट्रध्वज संहितेनुसार तो मान शासकीय इतमामात होणाऱ्या अंत्यसंस्कारांना आणि सैन्य वा निमलष्करी दलातल्यांच्या अंत्यसंस्कारांनाच आहे. भावनेच्या भरात कुणीतरी दुकानातून ध्वज आणतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तक्रार होते. क्लबचा किंवा तालमीचा झेंडा घाला, किंवा त्यांच्या क्रमांकाची जर्सी पायाशी घडी करून ठेवा. झेंडा चितेवर वा दफनात जाणार की परत घ्यायचा, तेही आधीच ठरवा. ऐन वेळी त्यावरून कुजबुज नको.

आवाज वाचवणं

आकाशवाणीवरचं बहुतेक समालोचन थेट व्हायचं आणि ते प्रत्येक वेळी जपून ठेवलं जायचंच असं नाही. टेप महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही आपला बराच जुना संग्रह असाच गमावला. त्यामुळे ‘केंद्रावर असेलच’ असं गृहीत धरू नका. अनेकदा एकमेव प्रत एखाद्या चाहत्याने घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरवर, केलेली असते.

शोध तीन दिशांनी करा. पहिली दिशा घरची: त्यांच्या स्वतःच्या कॅसेट, भावाबहिणींकडच्या कॅसेट, मुलाच्या लग्नाची व्हीएचएस. लग्नाच्या टेपमध्ये ते पाहुण्यांशी बोलताना सापडतात आणि तो माइकबाहेरचा आवाज फार मोलाचा असतो. दुसरी दिशा आकाशवाणीची. केंद्राला पत्र लिहाल तर ‘त्यांचं समालोचन हवं’ एवढं लिहून काहीही हाती लागणार नाही, कारण टेपांची नोंद तारखेने आणि कार्यक्रमाच्या नावाने असते. स्पर्धा, दोन्ही संघ, तारीख, समालोचनाची भाषा आणि सोबतचा समालोचक, एवढं लिहा. तारीख माहीत नसेल तर आधी वाचनालयात जाऊन त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांतून ती काढा. सामन्यापेक्षा मुलाखती आणि क्रीडाविषयक भाषणं सापडण्याची शक्यता जास्त, कारण ती आधी ध्वनिमुद्रित करून मग प्रसारित होत. तिसरी दिशा अलीकडची: स्थानिक यूट्यूब वाहिन्या. ज्याने सामना दाखवला त्याच्याकडची मूळ फाइल मागा. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ उतरवला तरी तो ७२० पिक्सेलपर्यंतच मिळतो. हार्डडिस्कवरचा मूळ तुकडा त्याहून बरा असतो.

कॅसेट हातात आली की लगेच वाजवायची नाही. आधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे खिळे मोडा. ते मोडले की तिच्यावर चुकूनही नवं रेकॉर्डिंग होत नाही. खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात आणि गोव्यात ती असणारच असं धरून चाला. तशी कॅसेट प्लेअरमध्ये घातली की बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. टेपला मागून दाबणारी छोटी फेल्टची गादी जागेवर आहे ना, तेही पाहा. ती गळलेली असते तेव्हा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि लोक टेप खराब झाली असं समजून फेकून देतात. त्याच मापाच्या दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या कवचात टेप घातली की आवाज परत येतो.

वाजवण्याआधी प्लेअरचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कानकाडीने पुसा, आणि टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून सैल करून घ्या. १२० मिनिटांची कॅसेट मात्र फिरवू नका. तिची फीत फार पातळ असते, अडकते. आवाज घुमटल्यासारखा आला तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून पाहावा. ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू आले की तिथेच थांबावं. प्लेअरच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या किंवा ऑडिओ इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये जोडा, माइकच्या भोकात नाही. तिथे आवाज फाटतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल करा. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी जागा लागते. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. वीस कॅसेट असतील तर दोन माणसांना दोन आठवडे द्या.

खरखर काढायचा मोह आवरा. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर गर्दीचा आवाजही खरखर समजून पुसतं आणि मैदान नाहीसं होतं. मूळ फाइल तशीच ठेवून साफसफाई प्रतीवरच करा. एक प्रत घरच्यांना, एक क्लबला आणि एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे, अशा तीन प्रती असाव्यात. व्हॉट्सअॅपवर फाइल मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा, नाहीतर ती दाबून लहान होते. फाइलच्या नावातच तारीख, सामना आणि भाषा घाला. ‘काकांचा आवाज १’ या नावाने पुढच्या वर्षी काहीच सापडणार नाही.

हक्कांचंही बघावं लागतं. भारतीय प्रताधिकार कायद्यात प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क २५ वर्षांचा आहे आणि ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षांचा. सभेत वीस सेकंद ऐकवण्यावरून सहसा कुणी अडवत नाही, पण तोच तुकडा यूट्यूबवर टाकायचा असेल तर प्रसारकाची लेखी परवानगी घ्या. नाहीतर व्हिडिओ उतरवला जातो, आणि तोही बहुतेक वेळा लोक तो बघायला लागल्यावर.

गेलेल्या माणसाचा आवाज यंत्राकडून तयार करून त्याच्या तोंडी नवी वाक्यं घालण्याची सोय आता झाली आहे. ते करू नका, घरच्यांनी हौसेने परवानगी दिली तरी करू नका. समालोचकाने आयुष्यभर पाळलेला नियम एकच असतो: जे समोर घडलं तेच सांगायचं. न घडलेलं त्याच्या आवाजात सांगणं ही त्याच्या कामाशीच प्रतारणा आहे.

नोंदपत्रक

निवेदन, बातमी, फलक, भाषणं, स्मरणिका या सगळ्यांचं मूळ एकच असलं पाहिजे. कागदावर दोन तक्ते करा. खेळाडूच्या तक्त्यात वर्ष, संघ, जागा, स्पर्धा, गोल आणि पुरावा. समालोचकाच्या तक्त्यात वर्ष, केंद्र वा वाहिनी, भाषा, स्पर्धा, सोबती आणि पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा असलेली ओळ फलकावर जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आठवणीतून आलेली माहिती बहुधा वाढलेली असते. भारतीय संघाच्या शिबिराला निवड झाली म्हणजे खेळाडू आंतरराष्ट्रीय होत नाही. संतोष करंडकात महाराष्ट्राची वा गोव्याची जर्सी घातली तर ते राज्याचं प्रतिनिधित्व, आणि ते कमी नाही. मुंबईच्या रोव्हर्स कप स्पर्धेत संघासोबत होते आणि रोव्हर्स कपमध्ये खेळले, यातही फरक आहे. ‘पहिले मराठी फुटबॉल समालोचक’ असलं वाक्य तर लिहूच नका. ते सिद्ध करता येत नाही आणि दुसऱ्या पेठेतला कुणीतरी जुनं कात्रण घेऊन उभा राहतो. मग चर्चा माणसाची न राहता त्या विशेषणाची होते.

हिल यांच्या बाबतीत हा गोंधळ मोठ्या प्रमाणावर झालेला दिसतो. ते १९५७ पासून खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या नेतृत्वाखाली आठवड्याला २० पौंडांच्या कमाल वेतनाची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये गेली. खेळाडूला क्लबशी बांधून ठेवणाऱ्या जुन्या बदली पद्धतीविरुद्धचा निकाल मात्र १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात लागला. श्रद्धांजलीच्या लेखांत या दोन्ही गोष्टी एका वाक्यात मिसळल्या जातात. विजयाला तीन गुण देण्याची कल्पना त्यांनी लावून धरली आणि इंग्लिश लीगने ती १९८१ मध्ये स्वीकारली, असं लिहिलं तर ते खरं आहे. ‘त्यांनी नियम बदलला’ असं लिहिलं तर समितीतले बाकीचे सगळे पुसले जातात. नेमकं क्रियापद वापरलं की माणूस लहान होत नाही.

न आवडलेल्या गोष्टी वगळायच्या की नाहीत, हा प्रश्नही येतोच. १९८२ च्या विश्वचषकात स्कॉटलंडच्या डेव्हिड नॅरीने ब्राझीलविरुद्ध पहिला गोल मारला, त्याला हिल यांनी टीव्हीवर ‘पायाच्या बोटाच्या टोकाने ढकललेला’ अशा अर्थाचं म्हटलं. स्कॉटिश प्रेक्षकांनी ते कधीच विसरलं नाही आणि त्यांच्या नावाने घोषणा दिल्या. हे वगळलं तर स्कॉटलंडमधल्या लाखो लोकांचे जिमी हिलच वगळले जातात. समालोचक म्हटला की त्याच्यावर रागावलेली एक पेठ असणारच. तो राग प्रेमाने सांगता येतो, आणि तो सांगायला त्या पेठेतलाच माणूस बोलवावा. पैशाचे व्यवहार, घरगुती गोष्टी, आजार यांबद्दल मात्र घरचे सांगतील तेवढंच. हिल यांना अल्झायमर होता हे जाहीर होतं, म्हणून लिहिता आलं.

मैदानावरचं एक मिनिट

पुढच्या सामन्याआधी मौन पाळायचं असेल तर स्पर्धेच्या आयोजकांची परवानगी आदल्या दिवशी लेखी घ्या आणि पंचांना भेटून क्रम सांगा. दोन्ही संघ मध्यवर्तुळाच्या कडेने, पंच मध्यभागी. निवेदन, पंचांची शिट्टी, ६० सेकंद, पुन्हा शिट्टी. दुसरी शिट्टी लवकर वाजते, कारण शांततेत उभं राहिल्यावर ३५ सेकंदही एक मिनिट वाटतात. घड्याळ पाहण्याचं काम सहायक पंचाकडे द्या.

मौन मोडतं ते बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे. तिकीट खिडकीशी उभ्या असलेल्यांना निवेदन ऐकूच येत नाही. एक कार्यकर्ता प्रत्येक दारावर ठेवा आणि दोन मिनिटं आत सोडणं थांबवा. हलगी आणि ताशेवाल्यांना आधी जाऊन भेटा. त्यांना सांगितलं की ते सर्वांत कडक मौन पाळतात. ध्वनिक्षेपकावरचं गाणं निवेदनाच्या आधी पूर्ण बंद करा, नुसतं कमी नको.

निवेदन चाळीस शब्दांच्या आत ठेवा. नाव, संघ, जागा, समालोचनाची वर्षं, आणि ‘आता एक मिनिट शांत उभे राहू’. जन्मगावापासून सुरुवात केली की लोक बोलायला लागतात. मौन हवं की टाळ्या, तेही स्पष्ट म्हणा. नोव्हेंबर २००५ मध्ये जॉर्ज बेस्ट गेल्यावर इंग्लंडमधल्या अनेक मैदानांवर शांततेऐवजी टाळ्या वाजल्या आणि तेव्हापासून ती पद्धत तिकडे रुळली. प्रतिस्पर्धी गटांत तणाव असेल तर टाळ्या बऱ्या, कारण मौनात एकाच माणसाची शिट्टीही सगळं बिघडवते. अर्ध्यांनी मौन आणि अर्ध्यांनी टाळ्या, असं होऊ देऊ नका.

समालोचकासाठी आम्ही एक गोष्ट आग्रहाने सुचवतो: मौनाआधी त्यांच्याच आवाजातला पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा ऐकवा. गोलची आरोळी निवडू नका. चेंडू मध्यरेषेवर असतानाचं साधं वर्णन निवडा. गोलला सगळेच ओरडतात, पण मध्यरेषेवर त्या माणसाची लय ऐकू येते. तुकड्याखाली बासरी किंवा सतार घालू नका. त्यांच्या आवाजाला पार्श्वसंगीत होतं ते गर्दीचं, आणि ते टेपवर आहेच.

दंडावरच्या काळ्या फितीसाठी दोन इंची इलॅस्टिक घ्या, प्रत्येकी साधारण ३० सेंटिमीटर, आणि टोकं शिवून घ्या. टाचणी किंवा सेफ्टी पिन मैदानात चालणार नाही, आणि इलेक्ट्रिकची टेप घामाने पहिल्या पंधरा मिनिटांत निसटते. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू धरले तर ३६, पंच चौघे आणि जादा पाच, म्हणजे ४५ फिती. एखाद्या संघाची बाही काळी असेल तर त्या संघाला पांढरी फीत द्या.

समालोचन कक्षात त्यांची खुर्ची रिकामी ठेवणार असाल तर हार खुर्चीला घाला. चालू माइकला घातलेला हार खसखसतो आणि फुलांचं पाणी आत उतरतं.

सभा

तारीख घरच्यांच्या विधींना विचारून धरा. हिंदू घरात दहावा-तेरावा, गोव्यातल्या ख्रिस्ती घरात सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस (चर्चमधली प्रार्थना), मुस्लिम घरात चाळिसावा. त्या दिवशी सभा ठेवली की घरचे दोन्हीकडे अर्धे अर्धे असतात. रविवारी स्थानिक लीगचा सामना नाही ना, तेही पाहा, नाहीतर खेळाडूच येणार नाहीत. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवा. दीड तास पुरेसा आहे.

वक्ते सहा, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येकाला लेखी कळवा की आयुष्याचा कुठला तुकडा त्याच्या वाट्याला आहे. नाहीतर सहाही जण ‘ते एक अजातशत्रू व्यक्तिमत्त्व होते’ इथून सुरू करतात. संघातला एक जुना सोबती. त्यांना अडवणारा समोरच्या संघाचा बचावपटू, कारण खेळाडू किती चांगला होता हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. सोबतचा समालोचक. केंद्रावरचा तंत्रज्ञ किंवा निर्माता; याला बोलवायला लोक विसरतात, पण माइक बंद असताना माणूस कसा होता हे तोच सांगू शकतो. आज समालोचन करणारा एक तरुण. शेवटी घरचं कुणी, तेही इच्छा असेल तरच. प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे साडेपाचशे शब्द. लोकप्रतिनिधी आले तर पुढच्या रांगेत सन्मानाने बसवा आणि त्यांचा शोकसंदेश सूत्रसंचालकाने वाचावा.

सूत्रसंचालकाने दोन वक्त्यांमध्ये शेर आणि चारोळ्या पेरू नयेत. अमेरिकेत पॅट समरॉल हा आदर्श होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाचा हा किकर, ज्याने १४ डिसेंबर १९५८ रोजी बर्फात ४९ यार्डांचा फील्ड गोल मारला, पुढे टीव्हीवर गेला आणि मोजून शब्द वापरण्यासाठीच ओळखला गेला. चित्र दिसत असताना तो गप्प राहायचा. स्मृतिसभेचं निवेदन तसंच हवं: नाव, नातं, आणि बाजूला व्हा.

ध्वनिफीत ऐकवताना फोन माइकसमोर धरायचा नाही. मिक्सरला तारेने जोडा, फोन फ्लाइट मोडवर टाका, फाइल उतरवून घेतलेली असू द्या. इंटरनेटवरून वाजवाल तर मध्येच जाहिरात लागेल. चाचणी पंखे चालू ठेवून करा, कारण रिकाम्या आणि शांत सभागृहात सगळंच छान ऐकू येतं. वयस्कर वक्त्यांना व्यासपीठावर चढायला लावू नका, बिनतारी माइक त्यांच्या खुर्चीपाशी न्या, आणि सेल नवे घाला.

व्यासपीठावर फोटो दोन हवेत: एक जर्सीतला, एक कानांवर हेडफोन असलेला. एकच लावला तर सभागृहातल्या अर्ध्या लोकांचा माणूस तिथे नसतो. जुना छापील फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, अल्बममधून ओरबाडून काढू नका. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला फोटो वीस बाय तीस इंचांच्या फलकावर विरघळतो. त्या आकाराला निदान ३००० बाय ४५०० पिक्सेल लागतात. काळ्या-पांढऱ्या फोटोला यंत्राने रंग भरू नका. यंत्राला तालमीच्या जर्सीचा रंग माहीत नसतो, आणि चुकीच्या रंगात, कदाचित समोरच्या संघाच्याच रंगात, त्यांना उभं करणं त्यांच्या सोबत्यांना सहन होणार नाही.

मागे काय ठेवायचं

कॉव्हेंट्रीने हिल यांचा ब्राँझचा पुतळा स्टेडियमबाहेर उभारला तो २०११ मध्ये, ते हयात असताना, आणि अनावरणाला ते स्वतः होते. जमलं तर असंच करावं. मृत्यूनंतर जागवायच्या गोष्टी ऐंशीव्या वाढदिवसाला सुरू करता येतात, आणि तेव्हा टेपांवरची नावंही त्यांनाच विचारता येतात.

पुतळा सगळ्यांना परवडत नाही. स्मृतिचषक सगळेच ठेवतात आणि दोन-तीन वर्षांनी प्रायोजक बदलला की नाव पुसलं जातं. ते टाळायचं असेल तर आधी ठेव, मग चषक. पाच लाखांची मुदत ठेव आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५ हजार हाती येतात. त्यात एका कुमार खेळाडूला बूट आणि प्रशिक्षणाचा खर्च देता येतो आणि एका नव्या मराठी समालोचकाला पारितोषिक. दोन्ही द्या, कारण त्यांची आयुष्यं दोन होती. पैसा एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यात गोळा करू नका. नोंदणीकृत संस्थेच्या नावे स्वतंत्र खातं उघडा. देणगीदारांना आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे आयकर विभागाची त्यासाठीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मान्यता असावी लागते. समालोचन कक्षाला नाव द्यायचं तर मैदान ज्याच्या मालकीचं आहे त्याचा लेखी ठराव घ्या. नुसती पाटी लावली तर पुढच्या रंगकामात ती जाते.

समालोचकाचं पारितोषिक कसं ठरवायचं याबद्दल एक सूचना. उमेदवारांना आवाजबंद सामन्याची दहा मिनिटं दाखवा आणि बोलायला लावा. परीक्षकांपैकी एकाने पडद्याकडे पाठ करून बसावं. त्याला चेंडू कुठे आहे, कोणाकडे आहे आणि किती मिनिटं झाली हे नुसतं ऐकून कळलं पाहिजे. रेडिओवर घडलेल्या माणसाच्या नावाचं पारितोषिक याच कसोटीवर द्यावं.

आणि लोकांकडून आणलेल्या कॅसेट परत करा. घेतानाच वहीत नाव, संख्या आणि तारीख लिहून सही घ्या, परत देताना पुन्हा सही घ्या, आणि प्रत्येक कॅसेटसोबत तिच्यातल्या आवाजाची फाइल पेन ड्राइव्हवर द्या. ज्याने तीस वर्षं ती टेप सांभाळली, त्याच्या हातात तो सामना पुन्हा ऐकू येईल अशा अवस्थेत गेला पाहिजे. डबीवरचं त्याच्या हातचं लेबल काढू नका.